पायी वारी आणि देहाची मशागत



दिंडीला शंभर वर्षं पुरी झाली म्हणून ही स्मरणिका निघते आहे, आणि मंडळींनी आम्हाला इतिहासावर चार पानं लिहायला सांगितली. आम्ही चौथी शिकलेलो. नांगर धरला, वीणा धरली, लेखणी फारशी धरली नाही. दिंडीचे मूळ पुरुष कोण, पहिला तंबू कुणी दिला, भंडाऱ्याची पंगत कुणाच्या वाड्यात बसायची, हे बाकीच्या लेखांत येईलच. आम्ही चालण्याचा इतिहास सांगणार. शंभर वर्षं ही दिंडी कुणाच्या पायांवर चालली, ते पाय कशानं तयार झाले होते, आणि आता त्यांचं काय झालंय.

हे लिहायचं कारण उघड आहे. दिंडीच्या वहीत नावं वाढली, वाटेवर पाय कमी झाले. आळंदीहून निघताना सगळे टाळ घेऊन उभे असतात. दिवे घाट चढून सासवडला येईस्तोवर सामानाच्या ट्रकमध्ये बरीच माणसं बसलेली दिसतात. त्यात सगळे म्हातारेच असते तर आम्ही चकार शब्द काढला नसता. चाळीस-पंचेचाळिशीचे गडी गुडघा धरून बसतात आणि सत्तरीची आजी डोक्यावर तुळस घेऊन पुढं जाते, हे काय गौडबंगाल आहे?

आपल्या संप्रदायाला चालण्याचं वळण फार जुनं. नामदेवराय पंढरीहून निघाले ते पार पंजाबात घुमानपर्यंत गेले. त्या काळी कुठली गाडी आणि कुठला रस्ता? तुकोबारायांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ साली देहूहून पादुका पालखीत घालून वारी नेली. पुढं एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात हैबतबाबांनी आळंदीहून माऊलींची पालखी स्वतंत्र सुरू केली. हैबतबाबा मूळचे सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे, ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी असलेले लष्करी गृहस्थ. अंकलीच्या शितोळे सरकारांकडून घोडे आणि तंबू आले ते आजतागायत येतात. दिंड्यांचा क्रम, चोपदार, समाजआरती, ही सगळी शिस्त बाबांची.

त्या शिस्तीत शरीराची जाण किती आहे ते बघा. आळंदीहून पुण्याची मजल तीस किलोमीटरच्या आसपास, म्हणून पुण्यात दोन मुक्काम. पुण्याहून सासवड सगळ्यात अवघड, वर दिवे घाटाची चढण, म्हणून सासवडला परत दोन मुक्काम. त्यानंतर जेजुरी साधारण सोळा-सतरा किलोमीटर, वाल्हे बाराच्या घरात. म्हणजे आधी अंग तापवलं, मग विश्रांती दिली, मग बेतानं कामाला लावलं. शिवाय वाटेत जागोजाग विसावे. नवीन बैल जुवाला लावताना शहाणा शेतकरी असंच करतो. पहिल्याच दिवशी दिवसभर औत ओढायला लावलं तर बैल खांदा धरतो.

पुढं तरडगावच्या अलीकडं चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण, मग गोल रिंगणं. रिंगण झालं की उडीचे खेळ, फुगड्या, हुतुतू. पावलीत पुढं-मागं टाकलेली पावलं, मृदंगाच्या ठेक्यावर वाकणं, उठणं, उडी. पायाच्या बोटापासून मानेपर्यंत सगळं अंग हलतं. तालमीत जवान पोरं जायची, तिथं बायकांना आणि म्हाताऱ्यांना कोण विचारत होतं? पण वारीत सासुरवाशीण फुगडी घालते आणि साठीची विहीणबाई तिच्यापुढं उभी राहते. देह कमावण्याची अशी मोकळी जागा जुन्या काळी बाईमाणसाला दुसरी कुठं नव्हती.

आता मुख्य गोष्ट. वारी काही एकवीस दिवसांत माणूस घडवत नव्हती. वारी करणारा माणूस वर्षभर घडलेला असायचा. आम्ही एकदा नांगराचा हिशेब मांडून बघितला, तो इथं देतो. गुंठा म्हणजे तेहेतीस फूट बाय तेहेतीस फूट. चाळीस गुंठे मिळून एकर, म्हणजे ४३,५६० चौरस फूट. लाकडी नांगराचं तास अर्धा फूट रुंद धरा. एक एकर नांगरायला नांगऱ्याला ८७,१२० फूट चालावं लागतं, साडेसव्वीस किलोमीटर. तेही ढेकळांतून, नांगराच्या मुठीवर भार देत. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. म्हणजे नऊ-साडेनऊ एकर रान ज्यानं उन्हाळ्यात नांगरलं त्याची एक वारी रानातच झालेली असायची! त्यावर मोट हाकणं, पेरणी, खळ्यावरची मळणी. घरात बाईचं पहाटेचं जातं, उखळ, पाण्याच्या खेपा. अशा माणसांना दिवे घाटाचं काय वाटणार?

बरं, त्या वेळी गाड्या नव्हत्या म्हणून माणसं चालली असंही नाही. कुर्डुवाडीहून पंढरपूरपर्यंत बार्शी लाईटची छोटी रेल्वे १९०६ सालीच आली. आमची दिंडी सुरू झाली तेव्हा ती धावत होती. १९४८ साली एस.टी. सुरू झाली, पुढं गावोगाव लाल गाडी आली. तरी दिंडी पायीच गेली. जुनी माणसं तर येतानाही पायी यायची. पौर्णिमेचा गोपाळकाला झाला की पालखी परत फिरते, तिच्याबरोबर परतवारी करणारे आमच्या घरात होते. आता काल्याचा प्रसाद हातात पडला की सगळ्यांचे डोळे स्टँडकडं. परतवारी करणारा वारकरी हजारांत एखादा.

मग बदल झाला तो शेतात. विहिरीवर इंजिन आलं, मग विजेची मोटर. मोट गेली. गिरणी आली, जातं गेलं. ट्रॅक्टर आला, बैल गेले. मळ्यात जायला मोटारसायकल. आम्ही या सुधारणांच्या विरुद्ध मुळीच नाही. ज्यांनी मोट हाकली त्यांना विचारा मोट किती गोड होती ते. पण शेतकरी अजून म्हणतो, “आम्ही राबणारी माणसं, आम्हाला व्यायाम कशाला?” राबणं म्हणजे काय ते बदललं हे त्याच्या ध्यानात आलेलं नाही. मोटर चालू करायला मोबाईल, फवारणीला गडी, दुपारी पारावर बैठक, संध्याकाळी टी.व्ही. खाणं मात्र नांगऱ्याचं तसंच राहिलं. पूर्वी साखरेचा आजार शहरातल्या पेढीवाल्याचा म्हणत. आता आमच्या आळीत घरटी एक डबी गोळ्यांची आहे.

दिंडीत एक डॉक्टर वारकरी येतात. ते रात्री तळावर पाय तपासतात, गोळी देतात आणि विचारलं तर समजावूनही सांगतात. त्यांनी सांगितलेलं आम्हाला समजलं तसं लिहितो. चालताना मांडीचे आणि पोटरीचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, म्हणून रोज चालणाऱ्याची साखर आटोक्यात राहायला मदत होते. पोटरी दर पावलाला आवळते आणि पायातलं रक्त वर काळजाकडं ढकलते, विहिरीवरच्या पंपासारखी. बसून राहिलं की पंप बंद. हाडावर भार पडला की हाड टिकतं. रक्तदाब उतरतो, झोप चांगली लागते. गुडघा दुखतो म्हणून जो चालणंच सोडतो त्याच्या मांडीची ताकद जाते, मग सगळा भार गुडघ्यावर येतो आणि दुखणं वाढतं. हे शेवटचं आम्हाला फार पटलं. रान पड टाकलं की त्यात हराळी माजते, तसंच हे.

त्यांनीच लंडन शहराची एक गोष्ट सांगितली. तिथं दोन मजली बसगाड्या. ड्रायव्हर दिवसभर बसलेला, कंडक्टर दिवसभर जिना चढ-उतार करणारा. डॉक्टर जेरी मॉरिस यांनी त्या दोघांच्या दुखण्यांचा हिशेब ठेवला आणि १९५३ साली तो छापला. काळजाचा आजार ड्रायव्हर लोकांत जास्त निघाला. कंडक्टरला कमी, आणि झाला तरी उशिरा. गाडी एकच, खातं एकच. फरक काय तो जिन्याचा.

आता मनाचं. हे आम्ही डॉक्टरांकडून ऐकण्याआधी वाटेवर बघितलं होतं. शेतकऱ्याचं मन कशानं खचतं ते इथं सांगायला नको. गारपीट, पडलेला भाव, सोसायटीचं कर्ज, पोरीचं लग्न. असा एक भाऊ एका वर्षी आमच्या शेजारून चालत होता. पहिल्या दोन मजलांत अक्षर बोलला नाही, टाळ नुसता हातात. जेजुरीच्या पुढं टाळ वाजायला लागला. लोणंदच्या अलीकडं त्यानं आपणहून सगळं सांगितलं. घरात समोरासमोर बसून माणूस असं सांगत नाही. खांद्याला खांदा लावून, नजर वाटेवर ठेवून चालताना सांगतो. एका ठेक्यावर पाऊल, त्याच ठेक्यावर श्वास, तोंडात ज्ञानोबा-तुकाराम, दिवसभर ऊन, रात्री अंग टाकलं की गाढ झोप. मनातली गिरमीट थांबायला एवढं पुष्कळ होतं. डॉक्टरही म्हणतात की नित्य चालण्यानं उदासी आणि काळजी कमी व्हायला मदत होते. आम्ही त्यात इतकंच घालतो की कुणाच्या तोंडी जिवाचं वाईटवंगाळ येत असेल तर नुसतं “चल वारीला” म्हणून सोडू नये. त्याला एकटं ठेवू नये, लगेच दवाखान्यात न्यावं. भजन आणि औषध यांचं भांडण नाही.

चालणं थांबलं तर काय होतं, हेही आपण बघितलं. २०२० साली कोरोनामुळं पायी वारी झाली नाही. माऊलींच्या पादुका एस.टी.तून पंढरीला गेल्या. २०२१ सालीही पायी सोहळा नव्हताच. ती दोन वर्षं आमच्या म्हाताऱ्या वारकऱ्यांनी उंबऱ्यात बसून काढली. घराबाहेर पडायचं नाही, देऊळ बंद. २०२२ साली वारी परत निघाली तेव्हा काही जण आता नव्हतेच, आणि काहींना वेशीपर्यंत यायला काठी लागली. एक आजोबा मात्र ठणठणीत. विचारलं तर म्हणाले, “रोज पहाटे बांधानं बारा येरझाऱ्या घालायचो, पाणी होवो न होवो.” ते आजोबा त्या वर्षी वाखरीपर्यंत एकदाही गाडीत बसले नाहीत.

काही मंडळी म्हणतात, “बुवा, गाडीतनं आलं तरी पांडुरंग भेटतोच की.” भेटतो. ज्याचं ऑपरेशन झालंय, ज्याला डॉक्टरांनी मना केलंय, त्यानं खुशाल गाडीत बसावं, त्याच्या भक्तीला आम्ही उणं म्हणणार नाही. पण अंगात बळ असून, केवळ सराव नाही म्हणून बसावं लागतं त्याचं काय? दिंडीतली पोरं गाडीतूनच वारी शिकली तर पुढं वीणा घेऊन चालायचं कुणी?

सरावाचं माप डॉक्टरांनी दिलंय. आठवड्याला निदान दीडशे मिनिटं, म्हणजे रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. वेग असा की सोबत्याशी बोलता यावं, पण गाता येऊ नये. यावर तळावर मोठा हशा झाला. कारण आपण तर गातच चालतो! डॉक्टर म्हणाले, वारीत तुम्ही हळू पण सहा-सहा, सात-सात तास चालता, ते वेगळं. गावात अर्धाच तास चालायचं तर पाय उचलून चाला. तेव्हा भजन वारीत, सरावात गप्पा. शिवाय खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठायचं-बसायचं, मांडीच्या ताकदीसाठी.

साखरवाल्यांसाठी एक कळकळीचं सांगणं आहे. अनवाणी चालायचा नवस करू नका. अशा माणसाच्या पायाला काटा कळत नाही, फोड कळत नाही, आणि त्याच फोडाचं पुढं बोट कापायची पाळी येते. रोज रात्री दोन्ही तळवे कुणाकडून तरी बघून घ्यावेत. गोळ्या वारीत बंद करू नयेत. खिशात साखरेची पुडी ठेवावी. एकादशीचा उपास करायचा तर गोळीचं काय करायचं ते निघण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्यावं. नवे बूट वारीच्या पहिल्या दिवशी घालू नयेत, महिनाभर आधी घालून मोडावेत.

दिंडीच्या बैठकीत असं ठरलं आहे की माघी एकादशीपासून आषाढीच्या प्रस्थानापर्यंत रोज पहाटे काकडआरती झाल्यावर देवळापासून शिवेच्या मारुतीपर्यंत जाऊन परत यायचं. पहिले पंधरा दिवस ओढ्यापर्यंतच. वैशाखात दर रविवारी एक लांब फेरी, माळावरच्या चढणीनं, पाठीवर वारीची पिशवी घेऊन. बायकांची फेरी त्यांच्या सोयीनं संध्याकाळी, त्यांनीच वेळ ठरवली आहे. गुडघ्याचं दुखणं असलेल्यांनी ओढ्याच्या पुलावर थांबावं, परत येताना आम्ही त्यांना बरोबर घेऊ. साठीच्या वरच्यांनी आणि गोळ्या चालू असलेल्यांनी सुरू करण्याआधी रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. आरती साडेपाचला असते. कंदील देवळात आहेत, येताना टाळ घेऊन यावं, ते देवळातच ठेवायचे आहेत.