खाचरातले खेकडे

सर्व्हर कोसळला की आम्ही रात्रभर लॉग वाचत बसतो. कुठे चुकलं, कुणाचं चुकलं? त्याच लोडखाली जो सर्व्हर नीट चालू राहिला, त्याचे लॉग मात्र कुणी उघडत नाही. ते उघडून बघणाऱ्यांची ही गोष्ट.

डिसेंबर १९९०. जेरी आणि मोनिक स्टर्निन हे जोडपं ‘सेव्ह द चिल्ड्रन’च्या कामासाठी व्हिएतनाममध्ये पोचलं. अमेरिकेचे निर्बंध होते आणि पाच वर्षांखालची निम्म्याहून जास्त मुलं कुपोषित होती. आधीच्या योजनांमध्ये बाहेरून अन्न यायचं. संस्था गेली की वजनं पुन्हा घसरायची. स्टर्निनना मुदत मिळाली सहा महिन्यांची.

थान्ह होआ प्रांतातल्या चार गावांत त्यांनी गावकऱ्यांकडूनच मुलांची वजनं करून घेतली. मग विचारलं, घर अगदी गरीब, तरी मूल धडधाकट, असं कुणी आहे का?

होतं. मोजकीच घरं, पण होती. तिथले आईबाप भातखाचरातले चिमुकले खेकडे, झिंगे आणि रताळ्याचा पाला मुलांच्या जेवणात घालत. हे सगळ्यांनाच फुकट मिळत होतं, पण लहान मुलांना ते देऊ नये अशी समजूत होती. इतर घरी मुलं दोनदा जेवत. इथे तेवढाच भात चार-पाच वेळा, थोडा थोडा. भरवण्याआधी हात धुतले जात.

स्टर्निननी भाषणं दिली नाहीत. कुपोषित मुलांच्या आयांना एकत्र स्वयंपाकाला बोलावलं. प्रवेशशुल्क काय, तर ओंजळभर झिंगे, खेकडे किंवा पाला. सहा महिन्यांत फरक वजनकाट्यावर दिसला आणि मुदत वाढली. पुढच्या गावांना तयार उत्तर दिलं नाही. आपली घरं त्यांनीच शोधायची.

या रीतीला ‘पॉझिटिव्ह डेव्हिअन्स’ म्हणतात. पुढे अमेरिकेतल्या रुग्णालयांनी औषधांना न जुमानणारा संसर्ग रोखायलाही ती वापरली.

यात धोकाही आहे. ‘तिला जमलं, मग तुला का नाही?’ असं म्हणून हात झटकणं सोपं असतं. खेकड्यांनी गरिबी हटली नाही. पण थान्ह होआत कुणी आईला दोष दिला नाही. शेजारच्या चुलीपाशी तिला जागा करून दिली.

पुढच्या वेळी मी चालू राहिलेल्या सर्व्हरचे लॉगही उघडणार आहे.