वारस नोंद
वारस नोंद म्हणजे मृत खातेदाराच्या जागी त्याच्या कायदेशीर वारसांची नावे अधिकार अभिलेखात दाखल करण्याची महसुली प्रक्रिया होय. गोंदिया जिल्ह्यातील आमगाव तालुक्यासह राज्यभर ती महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार चालते. वारसांनी तीन महिन्यांच्या आत तलाठ्यास कळवावयाचे असते. चौकशीनंतर फेरफार घेतला जातो व मंडळ अधिकाऱ्याने तो प्रमाणित केल्यावर सातबारा दुरुस्त होतो.

सामाईक जमिनीतील हिंदू भाऊ मृत्युपत्राविना वारल्यास त्याचा हिस्सा आपोआप भावंडांकडे जात नाही. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ नुसार पत्नी, मुलगे, मुली, आई आदी वर्ग १ मधील वारसांचा हक्क प्रथम असतो. ते नसल्यास वडिलांचा व त्यानंतर भावंडांचा क्रम येतो.

फेरफार नोंदीने मालकी निर्माण होत नाही. हक्काबाबतचा वाद दिवाणी न्यायालयात चालतो.