तारण : एका शब्दाची कुळकथा

ख्रिस्ती मराठीत ‘तारण’ म्हणजे पापापासून सुटका. म्हणून या शब्दाची कुळकथा ‘पाप’ या शब्दापासूनच सुरू करावी लागते.

हिब्रू बायबलात पापासाठी सर्वांत रुळलेला शब्द ‘हत्तात’. त्याच्या मूळ धातूचा अर्थ नेम चुकणे. शास्ते या पुस्तकाच्या 20व्या अध्यायात बन्यामीन वंशातले 700 डावखुरे गोफणवाले येतात. केसावर नेम धरला तरी त्यांचा दगड चुकत नसे, असे त्यांचे वर्णन आहे आणि तिथल्या ‘चुकणे’साठी हाच धातू वापरला आहे. ग्रीक ‘हामार्तिया’ही याच वळणाचा; होमरच्या काव्यात योद्ध्याचा भाला हुकतो तेव्हा त्याच धातूचे क्रियापद येते. पाप म्हणजे निव्वळ नियमभंग नव्हे. माणूस ज्यासाठी घडवला गेला, तो नेमच हुकणे. हा अर्थ विसरला की पापाची कल्पना गुन्ह्यांच्या यादीपुरती उरते. आदाम-हव्वेच्या गोष्टीत हा शब्द कुठेच नाही. तो पहिल्यांदा येतो काइनाच्या गोष्टीत, भावाचा खून होण्याच्या जरा आधी. आणि तिथे पाप दाराशी दबा धरून बसलेल्या जनावरासारखे आहे.

येशूच्या बोलीत, म्हणजे अरामी भाषेत, आणखी एक पदर जोडला गेला. तिथे ‘होबा’ या एकाच शब्दाचे दोन अर्थ : कर्ज आणि पाप. त्यामुळेच येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत मत्तय ‘ऋणे’ लिहितो, तर लूक त्याच जागी ‘पापे’ लिहितो.

सुटकेचा शब्द मात्र सुरुवातीला अगदी ऐहिक होता. निर्गमच्या 14व्या अध्यायात इस्राएली लोक समुद्र ओलांडतात, फारोचे सैन्य बुडते आणि परमेश्वराने त्या दिवशी त्यांना ‘वाचवले’ असे म्हटले आहे. त्याच हिब्रू धातूतून ‘येशू’ हे नाव आले : परमेश्वर तारतो. नव्या करारातले ग्रीक क्रियापद ‘सोझो’ बरे करण्यालाही लागू पडते. 12 वर्षे रक्तस्रावाने पिडलेल्या स्त्रीला येशू तिच्या विश्वासाविषयी जे सांगतो, त्यात ‘बरे केले’ आणि ‘तारले’ असे दोन्ही अर्थ एकाच शब्दात आहेत.

पुढे सिद्धान्त घडत गेले. पाचव्या शतकात ऑगस्टीनने आदामाचा दोष साऱ्या मानवजातीला वारशाने येतो, असे मांडले. पूर्वेकडच्या चर्चने तो विचार तसाच्या तसा कधी स्वीकारला नाही. 1098च्या सुमारास अ‍ॅन्सेल्मने क्रूसावरच्या मरणाचा अर्थ देवाच्या सन्मानाच्या भरपाईतून लावला. तारण कृपेने, केवळ विश्वासाद्वारे मिळते, कर्मांनी नव्हे, या लूथरच्या आग्रहावरून सोळाव्या शतकात पश्चिमेकडचे चर्च दुभंगले. या प्रश्नावर कॅथलिक आणि लूथरन पंथांनी संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या त्या 31 ऑक्टोबर 1999 रोजी, आउग्सबुर्ग येथे.

मराठीत ही कल्पना आली तेव्हा शब्दांची वाण नव्हती. उलट अर्थांनी भरलेले शब्द आधीच होते. गोव्यात 1616 साली छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’त थॉमस स्टीफन्सने स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हटले आणि ओवीछंद घेतला. मोक्ष, मुक्ती, उद्धार हेही शब्द हाताशी होते. पण मोक्ष म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका. ख्रिस्ती श्रद्धेत मुख्य अडचण तो फेरा नसून देवाशी तुटलेले नाते आहे. प्रोटेस्टंट मराठीत अखेर ‘तारण’ पक्का झाला. संस्कृत ‘तॄ’ म्हणजे पार जाणे; तारण म्हणजे पार नेणे. भवसागर तरून जाण्याची संतांची भाषा मराठी कानांना आधीपासूनच ओळखीची होती. निर्गमातल्या समुद्राशीही हा शब्द नेमका जुळतो, आणि तरून जाणारा स्वतःच्या बळावर जात नाही, हेही त्यात आपोआप येते. हिब्रूच्या इतका जवळचा प्रतिशब्द मिळणे ही मराठीची मोठी कमाई होय.

पंडिता रमाबाईंनी साध्या मराठीत बायबलचे भाषांतर हाती घेतले, त्यामागे शब्दांविषयीची हीच काळजी होती. जड संस्कृत शब्द आणि त्यांना चिकटलेले जुने तत्त्वज्ञान त्यांना टाळायचे होते. ते भाषांतर त्यांच्या निधनानंतर, 1924 मध्ये प्रसिद्ध झाले.

‘तारण’चा दुसरा अर्थ मराठी व्यवहारात रोज भेटतो : कर्जासाठी गहाण ठेवलेली वस्तू. पापाला कर्ज म्हणणाऱ्या अरामी परंपरेशी त्याचे नाते ठरवून जोडलेले नाही. तरीही मत्तयाच्या मराठी भाषांतरात त्या प्रार्थनेत ‘ऋणे’ हाच शब्द आहे, आणि येशूने पुष्कळांसाठी आपला जीव दिला, ते ज्या वचनात सांगितले आहे तिथे ‘खंडणी’.