नाव आणि कलंक

'द अनटचेबल्स' हे नाव पहिल्यांदा वाचले तेव्हा मी दचकलो. वाटले, अमेरिकेत आमच्यावर मालिका निघाली की काय! पण तिथे त्या शब्दाचा अर्थ निराळा: ज्याला लाच देऊन विकत घेता येत नाही, असा माणूस. 1959 ते 1963 या काळात दूरदर्शनवर चाललेल्या या मालिकेत असे अधिकारी शिकागोतल्या दारूच्या चोरट्या टोळ्या मोडून काढतात. तिथे हा शब्द सन्मानाचा. कलंक लागला तो इटालियनांना. लेखकाला गुंड हवा असला की इटालियन नावच सुचे.

नाव सांगताच समोरच्याचा चेहरा बदलतो, हा अनुभव मला परका नाही. म्हणून मी मागे जाऊन शोध घेतला.

1890 मध्ये न्यू ऑर्लिन्सचा पोलीसप्रमुख डेव्हिड हेनेसी याचा खून झाला. नऊ इटालियनांवर खटला चालला. सहा सुटले, तिघांबाबत ज्यूरींचे एकमत झाले नाही. दुसऱ्याच दिवशी, 14 मार्च 1891 रोजी, जमावाने तुरुंग फोडून अकराजणांना ठार मारले. त्यांतल्या पाचजणांवर तर खटलाच चालला नव्हता! जमावाचे पुढारी गावगुंड नव्हते. शहरातली वकिली करणारी प्रतिष्ठित माणसे होती. शिक्षा कोणालाही झाली नाही. पुराव्याचे काम आडनावाने केले. सिनेमाने पुढे 'लिटल सीझर' (1931), 'स्कारफेस' (1932) काढून हाच माल विकला. या दोन्ही चित्रपटांतले इटालियन गुंड रंगवणारे नट ज्यू होते, हेही नोंदवून ठेवतो.

निषेध झाला. 1961 मध्ये मालिकेच्या निर्मात्यांना कबूल करावे लागले की, काल्पनिक गुंडांना इटालियन नावे देणार नाही. 1970 मध्ये न्यूयॉर्कला प्रचंड सभा भरली. मागणी रास्त होती, आलेली बहुसंख्य माणसे साधी होती. पण पुढारी जोसेफ कोलंबो स्वतःच माफिया टोळीचा प्रमुख! ज्या समाजाचे गाऱ्हाणे इतर कोणी ऐकत नाही, त्याचे गाऱ्हाणे असा माणूस हातात घेतो. याची मला चीड येते आणि नवल वाटत नाही.

त्याच्या संघटनेच्या दबावाने 'गॉडफादर'च्या पटकथेतून 'माफिया' हा शब्द काढला गेला. 28 जून 1971 रोजी दुसऱ्या सभेतच कोलंबोवर गोळ्या झाडल्या गेल्या. 1972 मध्ये चित्रपट आला.

मी तो फार उशिरा पाहिला. तो शब्द त्यात खरोखरच ऐकू येत नाही. शेजारी बसलेल्या माझ्या भाच्याने पाचव्या मिनिटाला विचारले, "मामा, हे सगळे माफियावाले ना?"