माजोर्ड्याचा व्हायोलिनवादक

‘अमर अकबर अँथनी’ चित्रपटात भल्यामोठ्या अंड्यातून बाहेर पडून आपले नाव सांगणारा अमिताभ आमच्या लासूर स्टेशनातही लहानथोरांना पाठ आहे. परंतु अँथनी गोन्साल्वीस नावाचा खराखुरा माणूस होऊन गेला, हे किती जणांना ठाऊक असेल?

त्यांचा जन्म १९२७ सालचा, गोव्यातील माजोर्ड्याचा. वडील चर्चच्या गायकवृंदाचे प्रमुख. पाश्चात्त्य स्वरलिपीचे बाळकडू घरातच मिळाले. १९४३ मध्ये मुंबईस येऊन ते नौशाद यांच्याकडे व्हायोलिन वाजवू लागले आणि पुढे संयोजक झाले. हे काम मोठे विलक्षण! संगीतकार पेटीवर चाल ऐकवी. ती कोणत्या वाद्याने कोठे उचलायची, कोणी कोठे थांबायचे, हे सारे संयोजक कागदावर मांडून वादकांपुढे ठेवी. एवढे करून श्रेयनामावलीत त्याचे नाव बहुधा नसेच.

गोन्साल्वीस यांचे मन मात्र हिंदुस्थानी रागांवर जडले. राग एकाच स्वररेषेवर चालतो, तर पाश्चात्त्य वाद्यवृंदात अनेक स्वर एका वेळी नांदतात. या दोघांचा संसार थाटावा म्हणून १९५८ साली त्यांनी ‘इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा’ उभा केला. सेंट झेवियर्स महाविद्यालयात लता मंगेशकर व मन्ना डे त्यासोबत गायले. चित्रपटाच्या धंद्यात मुरलेल्या माणसाने धंद्याबाहेरचे हे धाडस करावे, याचे मला फार अप्रूप वाटते. तो वृंद टिकला नाही. १९६५ मध्ये ते अमेरिकेत सिरॅक्यूज विद्यापीठात गेले. परतल्यावर माजोर्ड्यातच राहिले.

१९७७ चे ते गाणे लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचे. त्यांतील प्यारेलाल गोन्साल्वीस यांच्याकडेच व्हायोलिन शिकले होते. गुरूचे नाव त्यांनी असे गाण्यात ओवले. गुरुजी १८ जानेवारी २०१२ रोजी गोव्यात निवर्तले.