चांदीची गाडी आणि छोटी लाइन

ग्वाल्हेरला येणारा पाहुणा किल्ला पाहतो, तानसेनाच्या समाधीपाशी थांबतो आणि जयविलास राजवाड्यातील भोजनगृहाच्या लांबलचक मेजापाशी हमखास रेंगाळतो. जयाजीराव शिंदे यांनी १८७४ मध्ये हा राजवाडा उभारला. १९६४ पासून त्याच्या एका भागात संग्रहालय आहे. मेजावर रूळ मांडलेले असून त्यांवर चांदीची छोटी आगगाडी उभी आहे. तिच्या सात डब्यांवर सिंदिया नावाची सात इंग्रजी अक्षरे क्रमाने आहेत. भोजनोत्तर मद्याच्या सुरया व चिरूट घेऊन ही गाडी पाहुण्यांसमोरून फिरत असे. कोणी सुरई उचलली की गाडी थांबे आणि जागेवर ठेवली की पुन्हा चालू लागे, असे सांगतात.

या गाडीला जगभर प्रसिद्धी मिळाली ती १९७५ साली प्रकाशित झालेल्या 'फ्रीडम अॅट मिडनाइट' या पुस्तकामुळे. लॅरी कॉलिन्स व डोमिनिक लापिएर यांनी त्यात संस्थानिकांच्या छंदांचे रंगतदार वर्णन केले आहे. त्यांच्या कथेनुसार अडीचशे फूट चांदीचे रूळ मेजावरून थेट मुदपाकखान्यापर्यंत गेले होते. कळा, दांडे व इशारादर्शक दिवे असलेला एक भला मोठा नियंत्रण फलक घेऊन महाराज स्वतः बसत. मर्जीतल्या पाहुण्यापुढे गाडी थांबे, नावडत्याच्या पुढून ती भरधाव निघून जाई. व्हाइसरॉयच्या सन्मानार्थ दिलेल्या एका मेजवानीत मात्र फलकात शॉर्टसर्किट झाले आणि गाडी बेफाम सुटून मान्यवरांच्या पोशाखांवर रस्सा उडवू लागली!

ही आख्यायिका आपल्याकडे घरोघरी सांगितली जाते. ती ताडून पाहण्याचा एक साधा मार्ग म्हणजे असा फलक चालतो कसा, हे समजून घेणे. खेळण्यातील आगगाडीचा छंद असलेली माणसे आजही तो घरच्या घरी बनवितात. प्लायवुडच्या तुकड्यावर रुळांचा नकाशा रंगवायचा. रुळांचे विभाग पाडून दोन विभागांच्या सांध्यात वीज न वाहणारा पदार्थ बसवायचा. नकाशावर प्रत्येक विभागाच्या जागी एकेक स्विच लावायचा, म्हणजे हव्या त्याच विभागात वीज जाते. शेजारी दोन कळा असतात. एक प्रवाहाची दिशा उलटविते, त्यामुळे गाडी मागे येते. दुसरी मार्गातील रोध कमी-अधिक करून वेग ठरविते. सगळा मार्ग एका दृष्टिक्षेपात आणि एका हाताखाली आणणे, एवढेच या फलकाचे काम.

आता कथेकडे वळू. चांदी ही सर्व धातूंत उत्तम वीजवाहक. चांदीचा चमचा दोन रुळांवर आडवा पडला तर शॉर्टसर्किट होईल, यात शंका नाही. परंतु त्या वेळी वीज मोटारीत न जाता चमच्यातून वाहील आणि गाडी जागीच थांबेल. गाडी बेफाम सुटायची तर दोष वेग ठरविणाऱ्या कळेतच हवा. तेथील रोध वगळला जाऊन पूर्ण दाबाची वीज मोटारीपर्यंत पोहोचली पाहिजे. पुस्तकाने दोष फलकात सांगितला आहे, त्यामुळे प्रसंग अशक्य नाही. तथापि मुख्य स्विच बंद करताच गाडी क्षणात थांबली असती. कथेतील यजमानाला हे सुचत नाही. शिवाय संग्रहालयातील गाडी सुरया व चिरुटांची, तर कथेतील गाडी अवघे जेवण वाढणारी. गोष्ट सांगता सांगता वाढली, असे म्हणण्यास एवढे पुरेसे आहे.

वाढलेल्या गोष्टीने एरव्ही काही बिघडत नाही. येथे मात्र तिने एका कर्त्या राजाला केवळ हौशी करून टाकले. रेल्वेचे महत्त्व या घराण्याने फार पूर्वी ओळखले होते. जयाजीरावांनी १८७२ मध्ये आग्रा–ग्वाल्हेर मार्गासाठी ७५ लाख रुपये दिले आणि पुढच्याच वर्षी इंदूर–नीमच मार्गासाठी तेवढीच रक्कम दिली. त्यांचे पुत्र माधवराव (१८७६–१९२५) यांस १८९४ मध्ये राज्याचे पूर्ण अधिकार मिळाले. त्यांच्या काळात दोन फूट रुंदीची ग्वाल्हेर लाइट रेल्वे वाढली. भिंड व शिवपुरी हे मार्ग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाले आणि १९०९ मध्ये रूळ श्योपुरास पोहोचले. सुमारे २०० किलोमीटरचा हा श्योपूर मार्ग पुढे जगातील सर्वांत लांब नॅरोगेज मार्गांत गणला जाई. लोक तिला 'छोटी लाइन' म्हणत. जेथे धड रस्ता नव्हता तेथे तिने धान्य, टपाल आणि माणसे नेली.

या छोट्या लाइनीचा कारभार मेजावरील गाडीच्या नेमका उलट होता. एकेरी मार्गावर दोन स्थानकांच्या दरम्यान एका वेळी एकच गाडी, हा नियम. पुढच्या स्थानकाने संमती दिल्याखेरीज मागच्याने गाडी सोडायची नाही. त्यालाच 'लाइन क्लिअर' म्हणतात. सगळा नकाशा समोर घेऊन बसलेला कोणी एक धनी तेथे नव्हता. सबलगढ, बीरपूर अशा आडगावच्या स्टेशनमास्तरांनी एकमेकांना विचारून, वहीत नोंद करून गाडी पुढे पाठवायची. महाराजांचा मान सर्वांत मोठा खरा, पण गाडी सुटे ती पुढच्या स्थानकाच्या होकारानेच. राज्यकारभारात नियम रुजतो तो असा, हे सरकारी नोकरीत आयुष्य काढलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

१९५१ मध्ये ही रेल्वे मध्य रेल्वेत विलीन झाली. भिंडचा मार्ग रुंदमापी झाला. श्योपूरची गाडी मार्च २०२० मध्ये महामारीच्या काळात थांबली ती पुन्हा धावली नाही. तेथेही टप्प्याटप्प्याने रुंद रूळ आले. रुंदमापी मार्ग ही त्या भागाची गरजच होती, त्याबद्दल तक्रार नाही. खंत आहे ती स्मृतीची. चांदीची गाडी काचेआड सुरक्षित आहे, तिच्या गोष्टी छापील पुस्तकांत आहेत. छोट्या लाइनीच्या गोष्टी मात्र घराघरांतील ट्रंकांमध्ये पडून आहेत. जुनी तिकिटे, वेळापत्रके, नियमावल्या, बदलीचे हुकूम, आजोबांच्या हातची एखादी नोंदवही असे जे काही लष्कर, मुरार वा शिवपुरी येथील आपल्या घरी सापडेल, ते रद्दीत जाण्यापूर्वी मंडळाकडे द्यावे, निदान त्याची प्रत तरी करून द्यावी. राजवाड्याचा इतिहास राजवाडा जपेल. या लाइनीचा इतिहास आपणच जपावयास हवा.