आगमनकाळातील एक अहवाल

दौंड जंक्शनवरून सोलापूरच्या दिशेने निघालेली गाडी वाडीमार्गे हैदराबादला जाते. वाटेत कोठे एखादी सरहद्द लागते, असे आजच्या प्रवाशाला जाणवत नाही. १९४८ साली मात्र सोलापूर मागे पडले की थोड्याच अंतरावर निझामाचे राज्य सुरू होई. शिरूरहून नगर ओलांडून पूर्वेकडे जाणाऱ्यालाही तीच हद्द आडवी येत असे. त्या हद्दीपलीकडे मराठी बोलणारे पाच जिल्हे होते. तेथे त्या वर्षी जे घडले, त्याचा अर्धाच भाग आपल्या स्मरणात राहिला आहे.

स्मरणात असलेला भाग असा : बहुसंख्य प्रजा हिंदू असलेले आपले संस्थान भारतात विलीन करण्यास निझाम मीर उस्मान अली खान यांनी नकार दिला. लातूरचे वकील कासीम रझवी यांच्या रझाकार संघटनेने खेड्यापाड्यांत लुटालूट, जाळपोळ व हत्या यांचे सत्र आरंभिले. मे १९४८ मध्ये बिदर जिल्ह्यातील गोर्टा गावी दोनशेच्या आसपास माणसे मारली गेली. विलीनीकरणाचा पुरस्कार करणारे ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांची ऑगस्टमध्ये हैदराबादेत हत्या झाली. ते स्वतः मुसलमान होते, ही गोष्ट विसरता कामा नये. १३ सप्टेंबरला मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या नेतृत्वाखाली भारतीय सैन्य संस्थानात शिरले. अवघ्या पाच दिवसांत, १७ सप्टेंबरला, निझामाने युद्धविराम जाहीर केला. हाच दिवस मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून साजरा होतो, आणि ते योग्यच आहे.

परंतु १८ सप्टेंबरलाही सूर्य उगवला होता. रझाकारांच्या अपराधांचा सूड आता त्यांच्याशी काडीचाही संबंध नसलेल्या मुसलमान शेतकऱ्यांवर, विणकरांवर आणि बायकामुलांवर उगवला जाऊ लागला. त्यासंबंधीच्या वार्ता दिल्लीस पोहोचल्यावर पंतप्रधान पंडित नेहरू यांच्या इच्छेवरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार व मौलाना अब्दुल्ला मिस्री यांची समिती हैदराबादेस आली. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात समितीने नऊ जिल्ह्यांत फिरून लोकांच्या जबान्या ऐकल्या. त्या वर्षी आगमनकाळाचा पहिला रविवार २८ नोव्हेंबरला होता. आपल्या देवळांतून शांतीच्या राजाची प्रतीक्षा चालू होती, त्याच दिवसांत हे तिघे प्रेतांनी भरलेल्या विहिरींच्या काठी उभे होते.

समितीच्या अत्यंत सावध अंदाजानुसार २७ ते ४० हजार माणसे मारली गेली. उस्मानाबाद (आजचे धाराशिव), गुलबर्गा, बिदर व नांदेड या चार जिल्ह्यांना सर्वाधिक झळ पोहोचली. लातुरात हत्याकांड वीस दिवसांहून अधिक काळ चालले. तेथील सुमारे दहा हजार मुसलमानांपैकी जेमतेम तीन हजार गावात उरले होते. हजाराहून अधिक मारले गेले आणि बाकीचे परागंदा झाले. हल्लेखोरांत सोलापूर व इतर शहरांतून आलेल्या सशस्त्र टोळ्याही होत्या, असे समितीने नमूद केले. काही ठिकाणी सैनिक आणि पोलीसही लुटीत सामील होते, हेही तिने लपविले नाही. हा अहवाल अनेक दशके अप्रकाशित राहिला.

त्याच अहवालात अंधारातील एक दिवाही आहे. काही गावी हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान व्यवसायबंधूंना आसरा दिला व जमावाला अडविताना प्रसंगी स्वतःचे प्राण गमाविले. ज्याच्या शेजारी बसून आयुष्यभर माग चालविला, त्याचा धर्म कोणता हे त्यांनी त्या घटकेला पाहिले नाही. चांगल्या शमरोनीची बोधकथा त्यांनी कदाचित ऐकलीही नसेल. तरी ती जगून दाखविली.

हे वाचताना आपण ख्रिस्ती लोकांनी स्वतःस निराळे समजू नये. १९९४ साली रवांडा या कॅथलिकबहुल देशात सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसे मारली गेली. न्तारामा व न्यारुबुये येथे आश्रयाला आलेल्या हजारोंची कत्तल चर्चच्या आवारातच झाली. मारणारे आणि मरणारे यांपैकी अनेकांचा बाप्तिस्मा एकाच कुंडावर झाला होता. याबद्दल मार्च २०१७ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी परमेश्वराची क्षमा मागितली. स्नानसंस्काराचे पाणी आपोआप द्वेष धुऊन काढीत नाही. त्यासाठी रोजचे पश्चात्तापी अंतःकरण लागते.

काईनाने हाबेलाला मारले, तेव्हा परमेश्वराने पहिला प्रश्न भावाविषयी विचारला. मेलेला भाऊ कोणत्या पक्षाचा होता, ही चौकशी त्यात नव्हती. गोर्ट्याचे मृत आपले आणि लातूरचे मृत परके, अशी वाटणी आपण केली, तर त्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला देता येणार नाही.

म्हणून माझी एक विनंती आहे. नोव्हेंबरात सर्व मृतांच्या स्मरणदिनी आपण कबरींवर मेणबत्त्या लावतो. त्या सायंकाळी एक मेणबत्ती अधिक लावावी. ज्यांना कबर लाभली नाही, ज्यांच्यासाठी कोणी दुवा मागितली नाही, कोणी श्राद्धही घातले नाही, त्या दोन्हीकडच्या शेजाऱ्यांसाठी. आणि मुलांनी विचारले, की ही कोणासाठी, तर त्यांना १७ सप्टेंबर सांगावा आणि त्यानंतरचे दिवसही सांगावेत.